नदीकाठी जेसीबी येण्याआधी ग्रामसभेने काय ठरवायचं

(ग्रामसभांच्या शिबिरात आमच्या युवा गटाने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्यांना शिबिराला येता आलं नाही त्यांनी पाड्यावर एकत्र बसावं आणि ज्याला वाचता येतं त्याने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावं.)



सकाळपासून दाव्यांवर बोलणं झालं. कुणाचा दावा तालुक्याला अडकला, कुणाला दहा गुंठे लावले, कुणाचा नकाशाच चुकला. आम्ही पण त्याच जमिनीबद्दल बोलणार आहोत, पण दुसऱ्या बाजूने. समजा दावा मंजूर झाला. सातबाऱ्यावर नाव लागलं. आणि त्याच जमिनीवर कमरेएवढं गाजरगवत माजलं. मग हातात काय राहिलं? कागद राहिला. कागद शेळी खाईल, पण कागदावर भात पिकणार नाही.

आपल्या भागात, जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडे, वैतरणा, पिंजाळ आणि त्यांना मिळणाऱ्या ओहोळांच्या काठाने कामं वाढली आहेत. कुठे पूल, कुठे मोरी, कुठे सिमेंटचा बंधारा, कुठे काठ ढासळू नये म्हणून संरक्षक भिंत. पुराने खरवडून नेलेल्या काठच्या जमिनी भराव घालून पुन्हा लागवडीला आणायची कामं पण चालतात. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेत तलावातला गाळ काढून शेतात टाकतात.

आधीच सांगतो, आम्हाला पूल पाहिजे. पावसाळ्यात बाळंतीण बाईला झोळीत घालून नदी ओलांडायची, हे आपल्या पाड्यांनी खूप भोगलं आहे. गाळ पण पाहिजे, खडकावर दोन बोटं माती चढली तर नागली चांगली येते. आमचं म्हणणं एवढंच की काम आपल्या काठावर होतंय, तर कामाबरोबर काय काय येतंय हे पण आपणच बघायचं.

तण गाडीत बसून येतं

एका पुलाचं काम आम्ही जवळून बघितलं. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना भराव झाला. मुरूम लांबून, मोठ्या रस्त्याच्या कडेच्या खाणीतून आला. पहिला पाऊस पडला आणि भरावावर हिरवंगार झालं. लोक म्हणाले, बरं झालं, गुरांना चारा झाला. गणपती येईपर्यंत त्यावर पांढरी बारीक फुलं आली. सगळं गाजरगवत. गुरं त्याला तोंड लावेनात.

मग आम्ही काठाने चालत गेलो. जिथे भराव पडला तिथे गाजरगवत. जिथे डंपर उभे राहायचे तिथे गाजरगवत. डंपर ज्या वाटेने यायचे त्या वाटेच्या दोन्ही कडांना गाजरगवताची रांग. आणि जिथे जुना काठ तसाच राहिला होता, निरगुडी, करंज, उंबर, वाळा, तिथे एक पण झाड नाही. यावरून कळलं की ते कुठून आलं. बी मुरमात होतं, चाकाच्या चिखलात होतं, जेसीबीच्या बकेटच्या दातात अडकलेल्या ढेकळात होतं.

नदीकाठच का सापडतो त्याला? एक तर खोदकामात माती उघडी पडते. तिच्यावर सावली नाही, जुनं गवत नाही, मुळं नाहीत. ऊन आणि ओल भरपूर. परक्या तणाला एवढंच लागतं. दुसरं म्हणजे नदी. काठावर एका जागी तण रुजलं की पुढच्या पुरात त्याचं बी आणि त्याच्या फांद्या वाहत खालच्या गावाला जातात. म्हणून हा एका पाड्याचा प्रश्न नाही. वरच्या गावाने दुर्लक्ष केलं की खालच्या दहा गावांना भोगावं लागतं.

ओळखून ठेवायची चार नावं

पहिलं गाजरगवत, काही जण काँग्रेस गवत म्हणतात. हे अमेरिका खंडातलं. आपल्या देशात त्याची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्याला झाली. बाहेरून आणलेल्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. एका झाडाला १० ते २५ हजार बिया येतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं. निंदणी करणाऱ्या बायांच्या हाताला, मानेला खाज सुटते, चट्टे पडतात. काहींना दम लागतो. गुरांच्या पोटात गेलं तर दूध कडू होतं.

दुसरी बेशरम. नाव बरोबर ठेवलंय. जांभळट-गुलाबी फुलं, भोंग्यासारखी. तोडून टाका, ओल्या मातीत पडली की पेरापेराला मुळं फुटतात. जेसीबीने बेशरमीचं रान खणलं आणि ती माती दुसरीकडे भरावाला टाकली, तर ती तण काढणं नसतं, लावणी असते. शेळ्या सहसा खात नाहीत, पण उन्हाळ्यात दुसरा पाला नसला की खातात. रोज खाल्ली की पाय लटपटतात, जनावर खंगत जातं आणि मरतं.

तिसरी जलपर्णी. ॲमेझॉन नदीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फुलांसाठी बंगालमध्ये आणली. आज आपल्या जवळच्या उल्हास नदीत बघा, पाणी दिसत नाही, नुसता हिरवा गालिचा. जिथे ती पसरते तिथे पाण्यात उजेड जात नाही, मासे गुदमरतात, डास वाढतात. दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचं बी गाळात १५-२० वर्षं पण जिवंत राहतं. आपल्या डोंगरातल्या वाहत्या पाण्यात ती टिकत नाही, पण बंधारा घातला की पाणी थांबतं आणि तिला घर मिळतं. म्हणून जिथे बंधारा, तिथे जास्त डोळे उघडे ठेवायचे. जलपर्णीच्या नदीत वापरलेला पंप, पाईप, तराफा आपल्या डोहात तसाच उतरवू द्यायचा नाही. तसल्या तलावाचा गाळ पण नको.

चौथी घाणेरी, टणटणी. ही सगळ्यांना माहीत आहे. दोनशे वर्षांपूर्वी शोभेचं झाड म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणली, आता आपल्या जंगलात बांबूला जागा ठेवत नाही. रस्त्यासाठी जंगल साफ केलं की उजेड मिळतो आणि ही आत घुसते. वरून छाटली तर चौपट फुटते. ती काढायची असेल तर जमिनीच्या आत दोन बोटं खाली, मुळाच्या गड्ड्याखाली तोडायची आणि मुळं वर करून उलटी ठेवायची.

कुणी म्हणेल, गवतच आहे, त्याचं काय एवढं? ज्या उताराला शेवळी निघतात, कोळूची भाजी निघते, तिथे घाणेरीची जाळी झाली तर पहिल्या पावसात घरात भाजी कुठून येईल? किराणा दुकानात शेवळी मिळत नाहीत. आणि दुसरं, आपण सामूहिक वनहक्क मागतो तेव्हा काही जण म्हणतात, यांना जंगल सांभाळता येत नाही, बघा सगळी झुडपं माजलीत. तण दुसऱ्याच्या गाडीने येतं आणि ठपका आपल्यावर बसतो.

काम चालतं तेव्हा आपण कुठे असतो?

हा सगळ्यात अवघड मुद्दा आहे, म्हणून नीट ऐका. नदीतली कामं पाणी उतरल्यावर होतात. म्हणजे दिवाळीनंतर सुरू आणि मे महिन्यापर्यंत. आणि दिवाळीनंतर आपली अर्धी घरं कुलूप लावून वसई, भिवंडी, कल्याणकडे वीटभट्टीवर जातात. पाड्यावर राहतात म्हातारी माणसं, काही बाया आणि शाळा-कॉलेजातली पोरं. आपण परत येतो तेव्हा काम झालेलं असतं, बिलं निघालेली असतात, आणि पावसाने तण उगवून येतं. तेव्हा कुणाला धरणार?

म्हणून ठराव दिवाळीच्या आधी झाला पाहिजे. भाद्रपद-अश्विनात, सगळे पाड्यावर असताना, ग्रामसभा घ्यायची. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या शिवारात कोणकोणती कामं मंजूर आहेत हे ग्रामपंचायतीकडे आणि बांधकाम खात्याकडे लेखी विचारायचं. आणि मागे राहणाऱ्यांतून चार-पाच जणांचा देखरेख गट नेमायचा. त्यात निम्म्या बाया पाहिजेत, कारण पाण्यावर आणि काठावर रोज त्याच जातात.

आपल्याला हे विचारायचा हक्क आहे का?

आहे. साहेब विचारतील, जेसीबी धुवायला लावायचं कोणत्या कायद्यात लिहिलंय? असं वाक्य कुठल्याच कायद्यात नाही, हे खरं. पण २००६ चा वनहक्क कायदा उघडा. कलम ३(१) मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्मिती, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क दिलाय. कलम ५ मध्ये ग्रामसभेला वन्यजीव, वन आणि जैवविविधता राखायचा अधिकार आहे. पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत राखायचा पण आहे. नदीकाठ यात येतोच.

पुढे कलम ३(२) बघा. शाळा, अंगणवाडी, रस्ता, छोटे तलाव, पाण्याची पाईपलाइन, लहान कालवे अशा १३ प्रकारच्या कामांना वनजमीन देता येते. पण प्रत्येक कामाला १ हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ही शिफारस म्हणजे आपल्या हातातली चावी आहे. आजवर बऱ्याच गावांत काय झालं? ग्रामसेवकाने कागद आणला, आपण सह्या-अंगठे दिले. आता शिफारस द्यायची, पण अटींसह द्यायची. अटी ठरावातच लिहायच्या, तोंडी सांगायच्या नाहीत.

१९९६ चा पेसा कायदा आणि त्याचे आपल्या राज्याचे २०१४ चे नियम पण आपल्या बाजूने आहेत. समाजाची साधनसंपत्ती राखायला ग्रामसभा सक्षम आहे असं तो कायदा सांगतो. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. ती नोंदवही कपाटात ठेवायची वस्तू नाही. काम सुरू होण्याआधी काठावर काय आहे ते तिच्यात लिहिलं, तर नंतर काय नवीन आलं ते दाखवता येतं.

ठरावात लिहायच्या अटी

हा नमुना आहे. आपल्या गावाप्रमाणे कमी-जास्त करा.

१) काम सुरू होण्याआधी देखरेख गट, ठेकेदाराचा माणूस आणि खात्याचा माणूस मिळून काठाने चालत पाहणी करतील. कामाच्या जागेच्या वर, प्रवाहाच्या बाजूने, आधी बघायचं, कारण तण वरून खाली येतं. जिथे आधीच तण आहे तिथे खुंट्या मारून खूण करायची. पाहणीचे फोटो आणि सह्या घ्यायच्या.

२) मुरूम, माती, गाळ कुठून आणणार ते लेखी द्यायचं. ती जागा देखरेख गट आधी बघेल. तिथे गाजरगवत, बेशरम किंवा जलपर्णी दिसली तर तिथला माल चालणार नाही. शक्यतो आपल्याच शिवारातला, आपण दाखवू त्या जागेचा माल घ्यायचा.

३) जेसीबी, पोकलेन, डंपर, मिक्सर पहिल्यांदा गावात शिरताना धुऊन यायचे. चाकं, पट्टे, बकेट, मडगार्ड, खालची बाजू, सगळीकडचा चिखल खरवडून काढायचा. तणाच्या जागेतून निघून स्वच्छ जागेत जाताना परत धुवायचे. धुण्याची जागा नदीपासून आणि ओहोळापासून लांब, जिथून पाणी वाहून नदीत जाणार नाही अशी. तिथे काही उगवतंय का ते पावसात बघायचं.

४) आपल्या काठाची वरची काळी माती वेगळी काढून वेगळी ठेवायची. तिच्यात आपल्या गवताचं बी असतं. काम झालं की तीच माती वर पसरायची. ती माती विकायची नाही, वीटभट्टीला द्यायची नाही.

५) खुणा केलेल्या तणाच्या जागची माती दुसरीकडे न्यायची नाही. तिथलं तण आधी काढायचं, मग खोदायचं. बेशरमीच्या फांद्या आणि जलपर्णी पुराचं पाणी पोचत नाही अशा उंच जागेवर, खडकावर पूर्ण सुकवायची. नदीत ढकलून द्यायची नाही.

६) गरज आहे तेवढाच काठ उघडा करायचा. गाड्यांना एकच वाट. निरगुडी, करंज, उंबर, जांभूळ जिथे वाचवता येतील तिथे वाचवायचे.

७) काठावर तणनाशक फवारायचं नाही. त्याच पाण्यातले मासे आणि खेकडे आपण खातो.

८) काम संपल्यावर 'हिरवळ' म्हणून सुबाभूळ किंवा दुसरं बाहेरचं झाड लावायचं नाही. काय लावायचं ते ग्रामसभा सांगेल.

९) तण काढायची, धुलाईवर लक्ष ठेवायची आणि लावणीची मजुरी कामाच्या खर्चातून किंवा रोजगार हमीतून मिळेल. १९४५ साली आपल्या वारली म्हाताऱ्यांनी वेठ मोडली. दुसऱ्याच्या गाडीने आलेलं तण आपण फुकट काढायचं, ही पण वेठच आहे.

१०) अटी पाळल्या नाहीत तर ग्रामसभा काम झाल्याचा दाखला देणार नाही.

काम झाल्यावर तीन पावसाळे

गाजरगवताचं बी मातीत दबून काही वर्षं जिवंत राहतं. म्हणून एक वर्ष बघून सोडून द्यायचं नाही. तीन पावसाळे तरी लक्ष ठेवायचं. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी भरावावरून फेरी मारायची, मग दर महिन्याला. रोप लहान असताना, फूल येण्याआधी, माती ओली असताना मुळासकट उपटायचं. हाताला प्लास्टिकची पिशवी किंवा मोजे, तोंडाला फडकं. ज्याला खाज किंवा दमा आहे त्याने हे काम करायचं नाही. फूल नसलेलं तण खड्ड्यात कुजवता येतं. फूल आलेलं खतात टाकायचं नाही, तेच बी परत शेतात जातं.

उपटून जागा मोकळी ठेवली तर परत तेच येतं. तिथे आपलं काही तरी उगवलं पाहिजे. यात आपला टाकळा कामाचा आहे. टाकळा दाट आला की गाजरगवताला दाबून टाकतो, हे शेतीच्या संशोधकांनी पण बघितलेलं आहे. दिवाळीच्या सुमारास टाकळ्याच्या शेंगा वाळतात. तेव्हा बी गोळा करून ठेवायचं आणि मे महिन्याच्या शेवटी उघड्या भरावावर फेकायचं. सुरुवातीच्या पावसात कोवळ्या पाल्याची भाजी पण होते. पाण्याच्या कडेला वाळा आणि निरगुडीच्या फांद्या लावायच्या. निरगुडी फांदीपासून लागते, गुरं खात नाहीत, माती धरून ठेवते. जरा वर करंज, उंबर, जांभूळ.

आणि वरच्या-खालच्या गावांनी एकमेकांना सांगायचं. आपल्याकडे नवीन काही उगवलं तर खालच्या गावाला निरोप, वरून काही वाहत आलं तर वरच्या गावाला निरोप. नदी एकच आहे, तर ग्रामसभांची बैठक पण एकत्र झाली पाहिजे.

ते काय म्हणतील

ठेकेदार म्हणेल, धुण्यात वेळ जातो, पाणी कुठून आणू? त्याला सांगा, काँक्रीटवर मारायला टँकर येतोच, त्यातलंच पाणी वापर. साहेब म्हणतील, तुम्ही विकास अडवता, पूल दुसऱ्या गावाला जाईल. या धमकीला घाबरून आजवर खूप सह्या झाल्या आहेत. त्यांना ठराव वाचून दाखवा. त्यात पहिलंच वाक्य असू द्या: "या ग्रामसभेला हा पूल पाहिजे आहे." मग अटी. म्हणजे अडवलं असं कुणी म्हणणार नाही. आपल्यातला पण कुणी म्हणेल, एवढं कोण करणार? त्याला विचारा, दरवर्षी निंदणीला किती बाया लागतात, आणि गाजरगवत आल्यावर किती लागतील? एकदा पसरलं की ते काढायला पिढी जाईल. यायच्या आधी थांबवायला पाच माणसं आणि एक ठराव पुरतो.

इथून जाताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी घेऊन जायच्या. पुढच्या ग्रामसभेची तारीख, देखरेख गटाची पाच नावं, आणि या अटींची एक प्रत. पुढच्या बैठकीला येताना झालेल्या ठरावाची झेरॉक्स आणायची. ज्या गावाला लिहायला अडचण आहे त्यांनी सांगावं, आम्ही पोरं-पोरी येऊन बसू, लिहून देऊ.

जमीन मिळवायला आपल्याला तीन पिढ्या लागल्या. ती एका उन्हाळ्यात डंपरखाली जाऊ द्यायची नाही.

नदीचा काठ आमचा, राखण पण आमची! जल-जंगल-जमीन जिंदाबाद! जोहार!